करारापूर्वीचे तीन दिवस : सीनाय पर्वताच्या पायथ्याशी काय चालले होते?

मराठी बायबलच्या पहिल्या भागाचे नाव ‘जुना करार’ आहे. हे नाव कानावरून इतक्यांदा गेलेले असते की करार हा शब्द तिथे कशासाठी आला, असा प्रश्नच सहसा पडत नाही. आपल्या लेखी करार म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार : मुद्रांक, दोन साक्षीदार, अनामत रक्कम आणि भाडेकरूने न वाचताच केलेली सही. बायबलमधला हा करार देव आणि मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून मोशेने बाहेर काढलेले इस्राएल लोक, म्हणजे ज्यूंचे पूर्वज, यांच्यात सीनाय पर्वतापाशी झाला. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ज्यू लोकांचा शावुओत हा सण येतो. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, बायबलमधील निर्गम या ग्रंथाचे १९वा आणि २०वा हे अध्याय वाचले जातात, आणि त्यांतल्या सूचना प्रथमच वाचणारा माणूस बुचकळ्यात पडतो. कपडे धुवा, डोंगराभोवती हद्द आखा, स्त्रीजवळ जाऊ नका, तिसऱ्या दिवसासाठी तयार राहा, असे तिथे सांगितले आहे. करारावर सही करायला जाताना एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घ्यायचे तर आधी तो करार कोणत्या जातीचा होता ते पाहावे लागते.

## ‘करार कापणे’

हिब्रू भाषेत या कराराला ‘बेरीत’ म्हणतात, आणि तो करण्यासाठी जे क्रियापद वापरतात त्याचा शब्दशः अर्थ ‘कापणे’ असा आहे. हा नुसता वाक्प्रचार नव्हे. उत्पत्ती या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम एक कालवड, एक शेळी आणि एक मेंढा मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो, आणि अंधार पडल्यावर धुमसणारी भट्टी व पेटती मशाल त्या तुकड्यांमधून पुढे जाते. यिर्मया संदेष्ट्याने ३४व्या अध्यायात या प्रथेचा अर्थ उघड केला आहे : वासरू चिरून ज्यांनी त्याच्या तुकड्यांमधून जाऊन शपथ घेतली आणि मग ती मोडली, त्यांची गत त्या वासरासारखी होईल.

म्हणजे इथे अनामत म्हणून पैसा ठेवलेला नाही, जीव ठेवलेला आहे. शिवाय भाडेकरार मुदत संपली की संपतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखही न दाखवता आपापल्या वाटेने जाऊ शकतात. बेरीतमुळे दोन परके पक्ष एकमेकांचे आप्त होतात. त्याला आपल्याकडची जवळची उपमा दत्तकविधानाची किंवा लग्नाची. लग्नात देण्याघेण्याची यादीही असते, तरी त्या यादीला कोणी लग्न म्हणत नाही.

प्राचीन मध्यपूर्वेत असे करार राजकारणातही होत असत. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या-तेराव्या शतकांतील हित्ती सम्राटांनी मांडलिक राजांशी केलेले तह मातीच्या पाट्यांवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांत सम्राट आधी स्वतःची ओळख देतो, मग आजवर आपण या मांडलिकासाठी काय काय केले याचा पाढा वाचतो, आणि त्यानंतर अटी घालतो. जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने १९५४ मध्ये दाखवून दिले की सीनायच्या कराराची घडण याच वळणाची आहे. ‘मी मिसरी लोकांचे काय केले आणि तुम्हांला गरुडाच्या पंखांवर बसवून कसे आणले, हे तुम्ही पाहिले आहे’, असे परमेश्वर आधी सांगतो आणि मग अटीकडे वळतो. पुढे अश्शूरी तहांशीही, विशेषतः इसवी सनापूर्वी ६७२ मधील एसरहद्दोन राजाच्या तहाशी, बायबलमधील करारांची तुलना झाली, आणि कोणता नमुना कोठून आला हा वाद अजून संपलेला नाही. एक फरक मात्र डोळ्यांत भरतो : हित्ती आणि अश्शूरी तह बहुधा सम्राट व मांडलिक राजा यांच्यात होत, सीनायवर दुसऱ्या पक्षाच्या जागी राजा नव्हताच, आख्खी छावणी होती.

## दुसरा पक्ष अजून तयार व्हायचा होता

ही छावणी कोणाची होती ते पाहिले म्हणजे तयारीचे मर्म हळूहळू उलगडू लागते. मिसरमधून निघून त्यांना तिसरा महिना लागला होता. पिढ्यान् पिढ्या विटा पाडणारी ही माणसे. कधी उठायचे, कधी थांबायचे, काय खायचे हे त्यांच्या वतीने मुकादम ठरवत आले होते. सीनायच्या आधीचा मुक्काम रफीदीमला होता. तिथे पाणी नव्हते, आणि लोक इतके संतापले की ‘थोड्याच वेळात हे मला दगडमार करतील’ असे मोशे कळवळून म्हणतो. अशा जमावाला करारातला एक पक्ष व्हायचे होते. गुलामाकडून कोणी करार करून घेत नाही. त्याला हुकूम सोडतात. करार करायचा तर समोरच्याला ‘होय’ म्हणता यायला हवे, आणि त्या ‘होय’ला वजन असायला हवे.

म्हणून या कथेत होकार एकदाच घेतलेला नाही. १९व्या अध्यायात मोशे वडीलजनांना बोलावून परमेश्वराचा प्रस्ताव सांगतो, आणि सगळे लोक एकमुखाने म्हणतात, ‘परमेश्वराने सांगितले ते सर्व आम्ही करू.’ या घडीला त्यांच्यापुढे एकही कलम आलेले नाही. दहा आज्ञा त्यानंतर येतात, आणि गुलामांचे हक्क, दुसऱ्याला शिंग मारणारा बैल, गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत देणे असे बारीकसारीक नियम त्याच्याही नंतर. ते ऐकून झाल्यावर २४व्या अध्यायात लोक पुन्हा होकार देतात. मग मोशे सगळे लिहून काढतो, दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तिसरा होकार येतो. तयारीचे दिवस पहिल्या, उत्साहाच्या भरातील ‘होय’नंतर आणि उरलेल्या दोन विचारपूर्वक दिलेल्या ‘होय’ंच्या आधी येतात. माझ्या मते या तयारीचे सगळे प्रयोजन या तिच्या जागेत आहे.

## तीन दिवस, की दोन?

परमेश्वराची सूचना अशी होती : ‘आज आणि उद्या लोकांना पवित्र कर, त्यांनी आपली वस्त्रे धुवावीत आणि तिसऱ्या दिवसासाठी तयार असावे.’ पवित्र या अर्थाचा हिब्रू शब्द ‘कादोश’ हा आहे, आणि त्याचा गाभा ‘वेगळे काढलेले’ असा आहे. रोजच्या वापरातून एखादे भांडे देवासाठी बाजूला ठेवतात, तसे लोकांनी स्वतःला रोजच्या व्यवहारातून बाजूला काढायचे होते.

कपडे धुणे ही आपल्याला किरकोळ बाब वाटते, कारण आपण नळाखाली उभे राहून विचार करतो. वाळवंटातल्या छावणीत, नुकतीच पाण्यावरून दगड उचलण्याची वेळ आलेली असताना, प्रत्येक तंबूतले कपडे धुवायला सांगणे म्हणजे सर्वांत दुर्मीळ वस्तू खर्ची घालायला सांगणे होते. हे काम एकट्या मोशेने किंवा वडीलजनांनी सर्वांच्या वतीने उरकण्यासारखे नव्हते. तुमचा अंगरखा तुम्हालाच पिळावा लागतो. उत्पत्ती ग्रंथाच्या ३५व्या अध्यायात अब्राहामाचा नातू याकोबही बेथेलला निघताना घरच्यांना परके देव टाकून देण्यास, शुद्ध होण्यास आणि कपडे बदलण्यास सांगतो, आणि ते देव व कानांतली कुंडले शखेमजवळच्या झाडाखाली पुरून टाकतो. यार्देन नदी ओलांडण्याच्या आदल्या दिवशी मोशेनंतरचा पुढारी यहोशवा लोकांना ‘स्वतःला पवित्र करा’ असेच सांगतो. मोठ्या क्षणापूर्वी अंगावरचे वस्त्र बदलणे ही त्या लोकांची जुनी रीत दिसते. स्नानाचा शब्द सीनायच्या वर्णनात नाही. जिथे कपडे धुवायचे तिथे अंगही पाण्यात बुडवले असणार, असा अर्थ पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या आचार्यांनी, काढला. धर्मांतर करून ज्यू होणाऱ्या व्यक्तीला आजही पाण्याच्या कुंडात बुडी मारावी लागते, आणि त्याचे मूळ रब्बी सीनायशीच जोडतात.

गंमत अशी की मोशे डोंगरावरून खाली येतो तेव्हा निरोपात थोडा फरक पडलेला असतो. ‘तीन दिवस तयार राहा, स्त्रीजवळ जाऊ नका’, असे तो सांगतो. दुसरे वाक्य परमेश्वराच्या तोंडी कुठेही नाही, आणि दिवसांचा हिशेबही ताणता येण्याजोगा आहे. ताल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या शास्त्रचर्चांच्या महासंग्रहात, यावर खल झाला आहे, आणि मोशेने एक दिवस स्वतःच्या बुद्धीने वाढवला व देवाने तो मान्य केला, असे एक मत तिथे नोंदले आहे. देव वेळापत्रक देतो, माणूस त्यात एक दिवस वाढवतो आणि ते चालून जाते, ही कल्पना मला तरी फार लोभस वाटते.

## अशुद्ध म्हणजे पापी का?

पहिला आक्षेप इथे येतो. पती-पत्नींचा संबंध अपवित्र मानायचा, हा देहाचा तिरस्कार नव्हे काय?

शल्यगृहाचे उदाहरण घेऊ. डॉक्टर बाहेरच्या चपला बाहेर ठेवतात, कोपरापर्यंत हात धुतात, दुसरा अंगरखा चढवतात. घरून येताना त्यांनी काही गुन्हा केलेला नसतो. बाहेर जे अगदी योग्य असते ते आत चालत नाही, एवढेच. लेवीय ग्रंथाच्या १५व्या अध्यायानुसार वीर्यस्खलनानंतर माणूस स्नान करून संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहतो आणि मग आपोआप शुद्ध होतो. त्याला क्षमा मागावी लागत नाही. प्रेताला मूठमाती देणे हे कर्तव्य असूनही त्याने अशुद्धी येते. जन्म, मृत्यू आणि प्रजनन यांच्या स्पर्शाने येणारी ही अवस्था आहे आणि ती पापापेक्षा निराळी आहे.

मराठी वाचकाला इथे सोवळे-ओवळे आठवणार. आठवण चुकीची नाही, पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते. आपल्याकडे सोवळ्याने माणसामाणसांत जन्मावरून पायऱ्या पाडल्या. सीनायच्या पायथ्याशी वडीलजनाला आणि लाकडे गोळा करणाऱ्याला एकच सूचना होती, कारण ‘याजकराज्य व पवित्र राष्ट्र’ व्हायचे ते सगळ्यांनी मिळून.

तरीही त्या वाक्यातली एक अडचण कोणत्याही उपमेने सुटत नाही. ‘लोकांना’ उद्देशून ‘स्त्रीजवळ जाऊ नका’ असे म्हटले की ‘लोक’ म्हणजे फक्त पुरुष, असा अर्थ होतो. करार सगळ्यांशी, मग त्या क्षणी स्त्रिया कुठे होत्या? अमेरिकन ज्यू विदुषी ज्युडिथ प्लास्को यांनी १९९० मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला, आणि तेव्हापासून हे वचन वाचणाऱ्यांना तो टाळता आलेला नाही. रब्बी परंपरेत याच अध्यायातल्या ‘याकोबाचे घराणे’ या शब्दांचा अर्थ स्त्रिया आणि त्यांना आधी सांगितले, असा एक अर्थ लावतात. त्याने मनाचे समाधान होते, वाक्य मात्र जिथल्या तिथे राहते.

## डोंगराभोवतीची हद्द

दुसरी सूचना अधिक कठोर आहे. डोंगराच्या पायथ्याभोवती सीमा आखायची, आणि जो तिला ओलांडून डोंगराला स्पर्श करील, मग तो माणूस असो की जनावर, तो जिवंत राहता कामा नये. त्यालाही हात लावायचा नाही. दुरून दगडांनी किंवा बाणांनी मारायचे. पावित्र्य इथे जवळजवळ विजेसारखे वागते. रोहित्राभोवतीच्या कुंपणावर कवटीचे चित्र असते, ते कोणाला अपमानित करण्यासाठी लावलेले नसते. आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये, हेही आपल्याला शिकवलेले असते.

या हद्दीविषयी एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. ‘शिंगाचा दीर्घ नाद होईल तेव्हा त्यांनी डोंगरावर यावे’, असे १३व्या वचनात म्हटले आहे. म्हणजे बंदीला शेवट आहे. डोंगर स्वतः पवित्र नव्हता, भेट चालू असेपर्यंत तो पवित्र होता. एलीया संदेष्टा होरेबला, म्हणजे याच डोंगरावर, जाऊन आला, पण ज्यू परंपरेने तिथे तीर्थक्षेत्र उभारले नाही आणि जागेची खूणही जपून ठेवली नाही. आज प्रवासी ज्या २,२८५ मीटर उंचीच्या जबल मूसावर पहाटे चढतात, ती ओळख ख्रिस्ती संन्याशांच्या परंपरेतून आली, आणि त्याच्या पायथ्याशी असलेला सेंट कॅथरीनचा मठ सहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने बांधवला.

## धाकाने मिळवलेला होकार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मेघगर्जना, विजा, दाट ढग, भट्टीसारखा धूर आणि वाढत जाणारा शिंगाचा आवाज अशा वातावरणात लोक थरथरत पायथ्याशी उभे राहतात. यावर आक्षेप असा की एवढ्या भीतीखाली दिलेल्या होकाराला होकार म्हणायचे कसे? आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही जबरदस्तीने मिळवलेली संमती ती देणाऱ्याला रद्द ठरवता येते.

हा आक्षेप आजचा नाही. ताल्मूदमध्ये रब्बी अवदीमी म्हणतात की देवाने तो डोंगर पिंपासारखा लोकांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हणाला, ‘स्वीकाराल तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर होईल.’ लगेच दुसरे आचार्य बोट ठेवतात की मग हा करार न पाळण्याला सबळ कायदेशीर सबब मिळाली! त्यावर रावा नावाचे आचार्य उत्तर देतात की तरी एस्तेर राणीच्या काळात, म्हणजे कित्येक शतकांनंतर, लोकांनी तो स्वखुशीने पुन्हा स्वीकारला. ज्या परंपरेचा पाया हा करार आहे तिनेच त्याच्या वैधतेवर शंका घ्यावी आणि ती शंका जपून ठेवावी, याचे मला कौतुक वाटते.

कथेतले लोकही भीती लपवत नाहीत. दहा आज्ञांनंतर ते मागे सरतात आणि मोशेला म्हणतात, ‘तू आमच्याशी बोल, देवाने बोलू नये, नाहीतर आम्ही मरू.’ हे मान्य होते. शेवटचे दोन होकार विजांच्या कडकडाटात आलेले नाहीत. ते मोशेच्या माणसी आवाजात कलमे ऐकल्यावर आले आहेत. निरोप पोचवायला हा ऐंशी वर्षांचा म्हातारा तोवर कितीदा तरी तो डोंगर चढून-उतरून झाला होता.

शेवटी करार बांधला जातो तो असा. मोशे पायथ्याशी वेदी आणि बारा वंशांसाठी बारा दगडी स्तंभ उभारतो. लोकांतले तरुण बैलांचे बळी देतात. अर्धे रक्त वेदीवर टाकले जाते, अर्धे कटोऱ्यांत ठेवले जाते, आणि कराराचा ग्रंथ वाचून तिसरा होकार मिळाल्यावर ते उरलेले रक्त लोकांवर शिंपडले जाते. तीन दिवसांपूर्वी मेहनतीने धुतलेल्या कपड्यांचा विषय ग्रंथ पुन्हा काढत नाही. ते डाग मात्र वाचताना डोळ्यांपुढे येतात. त्यानंतर सत्तर वडीलजन वर जातात, देवाला पाहतात आणि जेवतात. इसहाक आणि अबीमलेख, याकोब आणि लाबान यांच्या करारांतही पंगत होतीच.

## हे खरेच घडले का?

निर्गम ग्रंथ फक्त पुरुषांचीच संख्या सहा लाख सांगतो. एवढ्या मोठ्या जमावाचा वाळवंटात कोणताही पुरातत्त्वीय माग मिळालेला नाही. इस्राएल हे नाव बायबलबाहेर प्रथम सापडते ते इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ च्या मर्नेप्ताह या मिसरी राजाच्या शिलालेखात, आणि तेव्हा ते लोक कनान प्रदेशात आहेत. १९वा अध्यायही एका हाताचा वाटत नाही : त्यात याजकांना ताकीद आहे, पण मोशेचा भाऊ अहरोन याच्या घराण्याला याजकपद मिळते ते २८व्या अध्यायात. शावुओत हा सणही तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत, गव्हाच्या कापणीचा आहे. सीनायशी त्याचे नाते नंतर जडले. म्हणून इतिहासकार या वर्णनाकडे त्या समाजाने पिढ्यान् पिढ्या घडवलेली स्मृती म्हणून पाहतात.

ही स्मृती किती दूर गेली याची साक्ष आपल्याच किनाऱ्यावर आहे. अनुवाद या ग्रंथात मोशे सांगतो की हा करार आज इथे उभ्या असलेल्यांशी आणि आज इथे नसलेल्यांशीही आहे, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, ही या कराराची खूण असल्याचे निर्गम ग्रंथ सांगतो. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी ज्यांची परंपरा सांगते, ते बेने इस्राएल कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. दीर्घकाळ त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, पण कलम शिल्लक होते. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. घराचे दार लावून, जगापासून स्वतःला वेगळे काढून देवापुढे उभे राहण्याचा तो दिवस.

## मग वासरू कसे घडले?

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. एवढी तयारी करून चाळीस दिवसांत या लोकांनी सोन्याचे वासरू ओतले. मग तयारीचा उपयोग काय झाला?

३२वा अध्याय २४व्याशेजारी ठेवून वाचावा. अहरोन वेदी बांधतो. होमबली आणि शांत्यर्पणे होतात. लोक बसून खातात-पितात. विधी तेच आहेत, माणसेही तीच आहेत. मधले दिवस तेवढे नाहीत : सोन्याची कुंडले ओरबाडून आणली जातात, मूर्ती ओतली जाते, आणि अहरोन पुकारतो, ‘उद्या परमेश्वराचा उत्सव आहे.’ एका रात्रीत सगळे उरकते. वस्त्रे धुणे नाही, हद्द नाही, आणि मोशेची वाट पाहणे तर नाहीच. तो उशीर करतो हीच तर तक्रार होती.

मोशे खाली येतो आणि देवाने स्वतः घडवलेल्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी फोडतो. बारा स्तंभ याच पायथ्याशी उभे केलेले होते. करार पुन्हा होतो तो ३४व्या अध्यायात. या वेळी जमाव नाही, शिंग नाही. डोंगरावर दुसरे कोणी दिसू नये आणि समोर शेळ्यामेंढ्याही चरू नयेत, एवढीच ताकीद आहे. ‘सकाळी तयार राहा’, असे मोशेला एकट्याला सांगितले जाते, आणि पाट्याही या वेळी त्यानेच घडवून आणायच्या असतात. तो त्या आधीच्यासारख्याच दोन दगडी पाट्या घडवतो आणि पहाटे उठून, हातात घेऊन, पुन्हा डोंगर चढू लागतो.